बसतंय आणि चालतंय

घट बसले की आमच्या गल्लीच्या तोंडाशी झेंडूचे क्रेट उतरायला लागतात आणि मी खिडकी लावून घेते. लोकांना त्या वासानं सण आल्यासारखं वाटतं. बायका दारात उभ्या राहून भाव विचारतात, रिक्षावाले हँडलला माळा लावतात. मला मात्र झेंडूच्या मागोमाग दुसरा एक वास येतो. जळक्या वायरीचा. खरं तर तो आता कुठंच नसतो. पण नाकाला कोण समजावणार? वीस वर्षं होत आली, तरी झेंडू आणि जळकी वायर ही जोडी माझ्या नाकात नांदतेच आहे.

यंदा त्यात भाचीच्या फोनची भर पडली. माझ्या धाकट्या भावाची, दिनेशची ही मुलगी. पुण्याला शिकते.

"आत्या, पप्पा म्हणाले तुलाच विचार. दसऱ्याला गेमिंग पीसी घेतेय. प्रोसेसर, बोर्ड, कार्ड, सगळं ठरलंय. पॉवर सप्लाय एका मित्राकडचा जुना पडून आहे, तोच लावते. बसेल ना?"

"बसेल का, ते विचारूच नकोस."

"मग काय विचारू?"

"चालेल का, ते विचार."

"अगं, तेच ना."

"तेच नाही!" मी एवढ्यानं ओरडले की हातातला चहा बशीत सांडला. पलीकडून ती मग हळूच म्हणाली, "आत्या, चिडतेस कशाला? पॉवर सप्लायच आहे."

का चिडते ते फोनवर सांगण्यासारखं नाही. म्हणून लिहायला बसले.

बसणं हा शब्द आपण फार सैल सोडलाय. डब्याला झाकण बसतं, चप्पल पायात बसते, स्क्रू भोकात बसतो. घसा बसतो आणि धंदाही बसतो. पोरगी एकदा सासरी गेली की लोक विचारतात, बसली का घडी? एक वस्तू दुसरीत शिरली की बसली म्हणायचं आणि हात झटकून मोकळं व्हायचं. शिरल्यावर ती तिथं काम करते का, तापते का, घुसमटते का, असं विचारणारा माणूस खोडसाळ. मी आयुष्यभर तो खोडसाळपणा केला. सातपूरच्या एका कारखान्यात स्टोअरला होते. आलेला माल तपासून घेणं हेच माझं काम. बोल्ट नटात शिरतो एवढ्यावर मी कधी सही केली नाही. आटे जुळतात का, ते बघितलं. सप्लायरची माणसं मला मागं काय म्हणायची ते मला ठाऊक आहे. म्हणू देत.

आईचं दुकान रविवार कारंज्यावर होतं. दुकान म्हणजे एक गोणपाट, फुलांच्या पाट्या आणि दोन पारड्यांचा एक तराजू. वडील मी दहावीत असताना गेले. त्या फुलांवर आईनं आम्हा दोघांना वाढवलं आणि मला बी.एस्सी. केलं. आमच्या घरात, आईच्या येवल्याकडच्या माहेरात, वडिलांच्या सगळ्या भावकीत मी पहिली पदवीधर. हे मी अभिमानानं सांगते आणि पुन्हा पुन्हा सांगते. ज्यांना ऐकायचा कंटाळा येतो, त्यांचे आजोबा वकील असतात.

झेंडूचं कौतुक ज्यांनी तो ओवला नाही त्यांनी करावं. नवरात्रात आमची आतली खोली फुलांनी भरलेली असायची. वरून केशरी, दिसायला गोड. खाली हात घातला की गरम. दाबून ठेवलेलं फूल आतून तापतं, काळं पडतं, त्याला शेवाळासारखा बुळबुळीतपणा येतो आणि त्यातून बारीक किडे निघतात. दसऱ्याच्या माळा ओवून ओवून बोटांना हिरवा-पिवळा डाग बसायचा आणि कडू वास. जेवताना घास तोंडाशी नेला की आधी झेंडू, मग भाकरी. वर्गातल्या पोरी सोनं वाटायला यायच्या आणि माझा हात हातात घेऊन नाक मुरडायच्या. त्याच वेळी बाहेर दिंडोरी रोडनं वणीला जाणारे लोक देवीच्या नावानं गजर करत चालत निघालेले असायचे, ऑक्टोबरचं ऊन पत्र्यावर तडतडायचं, आणि मी सुई-दोरा घेऊन त्या ओल्या ढिगात.

खेळाची हौस मला तेव्हापासून. नव्वदच्या दशकात शेजारच्या घरात टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आला. एक रिमोट, दोन बटणं आणि रांगेत सगळी पोरं. माझा नंबर आला की कुणीतरी म्हणायचं, "तू माळा ओव, तुझ्या हातानं रिमोट चिकट होतो." दिन्या मात्र खेळून यायचा. पुढं सायबर कॅफे आले. प्लायवूडच्या खुराड्यांत बसायचं, कीबोर्डवर कुणाच्या तरी वड्याचं तेल, माऊसखाली मळाची पुटं. मालक विचारायचा, "ताई, ईमेल का रिझल्ट?" मी म्हणायचे, "गेम." मागं बसलेली पोरं फिसकन हसायची. मॅनेजमेंटचे पाठ दिल्यासारखं एकजण मला सांगायचा की मुलींसाठी पत्त्यांचा खेळ असतो त्यात, आधीपासून भरलेला. मला गाड्यांच्या शर्यतीचा हवा होता. चाकाखालून धूळ उडते, वळणावर टायर किंचाळतो, तो.

नोकरी लागल्यावर मी ठरवलं, आपलंच यंत्र घ्यायचं. दोन हजार पाच-सहाची गोष्ट. त्या वर्षांत बाजारात सगळा गोंधळ होता, कारण जुनं जात होतं आणि नवं येत होतं, आणि दोन्ही एकाच काचेच्या कपाटात शेजारी शेजारी मांडलेलं असायचं. प्रोसेसरच्या पोटाखालची टिंबं बोर्डावरच्या सॉकेटशी जुळावी लागत. रॅमच्या पट्टीला एक खाच असते. नव्या जातीच्या पट्टीची खाच केसभर सरकलेली, म्हणजे जुनी पट्टी नव्या बोर्डावर जाणारच नाही. ग्राफिक्स कार्डाची जुनी खोबण तपकिरी आणि आखूड, नवी लांब. कार्ड लांब असेल तर कॅबिनेटमध्ये हार्ड डिस्कला जाऊन टेकायचं. ग्रंथालयात कॉम्प्युटरचं एक मासिक यायचं, त्यातली पानं मी डब्याच्या सुट्टीत वाचायचे. इतका आनंद मला कुठल्याच अभ्यासात झाला नाही. फिजिक्समध्ये शिकलेला व्होल्ट आणि अँपिअर तिथं पहिल्यांदा माझ्या कामाला आले. कारण या सगळ्या भागांना वीज वाटून देतो तो एक लोखंडी डबा. भाची ज्याला पॉवर सप्लाय म्हणते तो; आम्ही त्याला एसएमपीएस म्हणायचो. तो कुणालाच दिसत नाही, कुणी त्याची फुशारकी मारत नाही. कार्ड भूक लागल्यासारखं वीज ओढतं तेव्हा तो पुरा पडला पाहिजे. नाहीतर वरचं सगळं भारी सामान म्हणजे लग्नघरातली लायटिंग आणि मीटरला जुनी वायर.

एम. जी. रोडवरच्या एका कॉम्प्लेक्समध्ये कॉम्प्युटरची दुकानं होती. जिन्याच्या कोपऱ्यात गुटख्याच्या पिचकाऱ्या, त्यावर देवांच्या टाइल्स लावलेल्या, आणि देवांवर पुन्हा पिचकाऱ्या. त्या जिन्यानं मी किती वेळा चढले असेन, पण कठड्याला कधी हात लावला नाही. वरच्या मजल्यावरच्या एका दुकानाचा मालक निलेशशेठ. इस्त्रीचा शर्ट, बेल्टला दोन मोबाईल. इंजिनिअर होता म्हणे. मी काय काय हवं ते सांगायचे आणि तो उत्तर दिनेशला द्यायचा.

"नवी खोबण असलेलाच बोर्ड पाहिजे," मी म्हणायचे.

"भाऊ, ताईंना सांग, गेमच खेळायचाय ना? मग एवढं कशाला?"

"आणि एसएमपीएस वेगळा हवा. कॅबिनेटमध्ये फुकट येतो तो नको."

"भाऊ, अरे सेमच असतो रे. डबा तो डबा. ताई वाचतात फार."

ताई वाचतात फार! जणू मला एखादं व्यसन होतं. दिनेश खांदे उडवून हसायचा. हसायचा म्हणजे त्याला त्या दोन मोबाईलवाल्या माणसापुढं काही बोलवायचं नाही. मला त्या हसण्याची शिसारी यायची. तरीही मी हट्टानं एकेक भाग ठरवला, बोर्ड नवा, रॅम नव्या खाचेची, कार्ड त्या बोर्डाचं, आणि एसएमपीएस चांगला, जड, चोवीस पायांच्या पिनचा. सामान खंडेनवमीला मिळणार होतं. त्या दिवशी आमच्या कारखान्यात यंत्रांची पूजा आणि मालाची मोजदाद, मला सुट्टी मिळेना. आणायला दिनेश गेला.

संध्याकाळी घरी आले तर सगळं चटईवर मांडलेलं. बोर्ड बरोबर. रॅम बरोबर. कार्डाचा खोका बघून मला लहान मुलासारखं हसू फुटलं. आणि त्या खोक्यांच्या शेजारी एक उघडा, बिनखोक्याचा पत्र्याचा डबा. मी उचलला. हातात काहीच आल्यासारखं वाटलं नाही, भाजक्या शेंगांची पुडी उचलावी तसं. पिन बघितली. वीसच पाय. बोर्डावरची जागा चोवीसची.

"हा कुठला?"

"चांगला संपला म्हणे. दसऱ्याची गर्दी," दिनेश म्हणाला. "हा कॅबिनेटमधला काढून दिला. मी विचारलं की, बसेल का म्हणून. तो बोलला, बसतंय."

बसत होताच. वीस पायांची पिन चोवीसच्या जागेत शिरते. चार भोकं रिकामी राहतात, म्हाताऱ्याच्या तोंडातल्या पडलेल्या दातांच्या जागांसारखी. बनवणाऱ्यांनीच ती सोय ठेवलेली, साध्या कामाला चालून जातं म्हणून. पण माझं काम साधं नव्हतं.

"परवा बदलून आणते," मी म्हणाले. "तोवर हे चालू करायचं नाही. कळलं?"

"अगं, पण दसऱ्याचा मुहूर्त..."

"मुहूर्त कॅलेंडरवाल्याला. चालू करायचं नाही."

खंडेनवमीला आमच्याकडं तराजूची पूजा असायची. घासूनपुसून पारडी पाटावर, त्यावर हळद-कुंकू, झेंडूची माळ. वडील होते तोवर आई करायची. ते गेल्यावर दिनेश करायचा आणि आई लांबून वाती वळून द्यायची. कुंकवाच्या कोयरीला ती हात लावत नसे. तिला कुणी बंदी केली नव्हती, पण कुणी लाव असंही म्हटलं नव्हतं. त्या वर्षी मी पाट मांडला, तराजू ठेवला, शेजारी कॉम्प्युटरचं सामान ठेवलं आणि कोयरी आईच्या हातात दिली.

"तूच लाव."

"मी? मी कशी लावू गं?"

"बोटानं."

"मंगल, लोक काय..."

"आई, हे माझ्या पगाराचं आहे. माझ्या सामानाला कुणाचा हात लागावा ते मी ठरवणार."

आईनं पदराला हात पुसले. आधी तराजूला लावलं. मग एकेका खोक्याला. डब्याला खोका नव्हता, त्याच्या पत्र्यावरच चांगलं ठसठशीत बोट उमटलं. तिच्या तोंडावर, काय सांगू, चोरून पेढा खाल्ल्यासारखं हसू होतं. त्या एका क्षणापुरतं मला झेंडूचंही काही वाटलं नाही.

दसरा हा फुलवाल्यांचा सण नसतो, कामाचा दिवस असतो. पहाटेपासून आई आणि मी कारंज्यावर. दुपारी माल संपत आल्यावर घरी आलो, तर दारातच तो वास. आत दिनेश आणि त्याचे दोन मित्र पेपरनं वारा घालत होते. मुहूर्तावर जोडून टाकलं होतं त्यांनी. पडदा उजळला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, फोटो बघितले, गाणी ऐकली, सगळं झकास. मग गेम टाकला. गाडी सुटली, पहिलं वळण आलं आणि यंत्र बंद. पुन्हा लावलं, पुन्हा बंद. असं करत करत एकदा मागून फट्ट आवाज आला आणि धूर. आत नुसता उकाडा. डब्याच्या जाळीतून काळा ओघळ, त्याला चिकटलेल्या झेंडूच्या पाकळ्या, त्यावर कुंकू. आजही डोळे मिटले की मला ते दिसतं.

"बसलं होतं गं नीट," दिनेश पुन्हा पुन्हा तेच सांगत होता. "चांगलं बसलं होतं."

दुसऱ्या दिवशी डबा पिशवीत घालून आम्ही दुकानात गेलो. आईही आली. कारंज्यावर उरलेली फुलं टाकायला निघालीच होती. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी झेंडूला कुत्रंही हुंगत नाही. रस्ताभर त्याचा चिखल झालेला असतो, दुचाक्या घसरतात, गायीसुद्धा तोंड फिरवतात. त्या चिखलातून आम्ही तिघं.

निलेशशेठनं डबा काउंटरवर ठेवून घेतला, बोटाच्या टोकानं फिरवला आणि दिनेशकडं बघून म्हणाला, "भाऊ, हे काय आहे?"

"कुंकू," मी म्हणाले.

"पूजा झालेला माल परत घेत नाही आम्ही. पावडर आत गेली की वॉरंटी खल्लास."

"पावडर बाहेर आहे. आत तुमचा हलका माल आहे. मी चोवीस पायांचा सांगितला होता."

"भाऊ, बसला होता ना?"

"बसला होता," दिनेश म्हणाला.

"मग!"

तेवढ्यात आई पुढं झाली. तिला वाटलं, अडचण फक्त कुंकवाची आहे. "कुंकवानं अडतंय का सायेब? पुसते की." तिनं पदराचं टोक थुंकीनं ओलं केलं आणि डबा पुसू लागली. दुकानातलं एक गिऱ्हाईक म्हणालं, "मावशी, पूजेचं कुंकू असं पुसू नये." आई मान वर न करता म्हणाली, "माझं पुसलं तवा कुणी आडवं आलं नाय बाबा. ह्या डब्याचं काय घेऊन बसलात?"

 निलेशशेठनं तिच्या कपाळाकडं बघितलं. मग डब्याकडं. आणि मग, मी ते कधी विसरणार नाही, आवाज मऊ करून, समजुतीच्या सुरात तो दिनेशला म्हणाला,

"पूजा यांनी केली होती का? भाऊ, मी मानत नाही असलं काही. पण मशीनरीचं काम आहे. अशा गोष्टी बघाव्या लागतात रे."

मला ओकारी आली. अलंकार म्हणून म्हणत नाही, खरोखर घशाशी आंबट आलं. हा माणूस इंजिनिअर. याच्या भिंतीवर प्रमाणपत्रं. व्होल्ट-अँपिअर शिकलेला हा माणूस स्वतःचा भिकार माल लपवायला एका बाईच्या रिकाम्या कपाळाच्या मागं जाऊन उभा राहिला. मी शिक्षणाला देव मानलं होतं. त्या दिवशी त्या देवावरची पिचकारी मला दिसली. मी त्याला काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. छापणार नाहीत. शेजारच्या दुकानातली माणसं बाहेर आली एवढं सांगते. पण डबा त्यानं घेतला नाही. आणि सगळ्यात वाईट ते नव्हतंच.

सगळ्यात वाईट, जिना उतरताना आई म्हणाली, "खरंबी असंल त्याचं."

"आई!"

"शिकलेला माणूस हाय. तराजूला इतकी वर्सं दिनूच लावायचा, काय झालं नाय. ह्या वर्साला माझा हात लागला..."

"आणि तराजू जळाला का?"

"तराजूला लायटीचं काय हाय?" आई म्हणाली आणि तिनं हात पदरात गुंडाळून घेतले.

त्या दिवसापासून ती आतल्या खोलीत येईना. कॉम्प्युटर तिथं टेबलावर पडलेला. चहा द्यायचा तर उंबऱ्यापाशी कप ठेवायची आणि म्हणायची, "घे गं." झाडू मारायची तो उंबऱ्यापर्यंत. बोलवलं तर दाराच्या चौकटीला टेकून उभी. "हितूनच दिसतंय की." मला गेमचं काही वाटेनासं झालं. यंत्र दुरुस्त होईल, नाही होईल. पण या बाईला बारा वर्षं जग खाली बघायला लावतंय, कोयरी एकदा हातात घेतली म्हणून ती हसली, आणि दोन मोबाईलवाल्या एका माणसानं एका वाक्यात तिचा हात अपशकुनी करून टाकला. तो हात मला परत हवा होता. दिनेश म्हणाला, "जाऊ दे, तिची श्रद्धा आहे." मी त्याला सांगितलं, तू दुकानात तोंड उघडलं असतंस तर ही श्रद्धा जन्मलीच नसती. तो खाली मान घालून बसला. खाली मान घालणं त्याला छान जमतं.

सांगून उपयोग नव्हता. मी आईला अँपिअर सांगितले असते तर तिनं मान डोलावली असती आणि उंबऱ्याबाहेरच उभी राहिली असती. शिकलेला एक असं म्हणतो, शिकलेली दुसरी तसं म्हणते, तिनं कुणाचं ऐकावं?

पगार झाल्यावर नाशिकरोडला गेले. तिथल्या एका दुकानात मला हवा तो एसएमपीएस मिळाला. दुकानदाराला म्हटलं, हातात द्या. घेतला आणि मनगट खाली गेलं. तेव्हाच डोक्यात आलं.

रविवारची सकाळ होती. मी आतल्या खोलीच्या मधोमध बसले, खुंटीवरचा तराजू काढला आणि एका पारड्यात जळका डबा ठेवला, दुसऱ्यात नवा. नव्याचं पारडं धाडकन फरशीला टेकलं. जुनं वर हवेत, झोका दिल्यासारखं हलत राहिलं.

आई चौकटीला उभी होती. "परत कर," ती म्हणाली.

मी परत केलं. परत तेच.

"तू तराजू वाकडा धरलाय. दांडी बघ."

"मग तू धर."

ती उंबऱ्यावर थबकली. पण वाकडी धरलेली दांडी तिला बघवेना. सबंध जन्म तराजू हातात घेऊन काढलेली बाई ती. एक पाय आत, मग दुसरा. माझ्या हातातून तराजू घेतला, दोन्ही पारडी रिकामी करून काटा बघितला, फुंकर मारली. मग स्वतःच्या हातानं एकीकडं जुना ठेवला, दुसरीकडं नवा. दांडी धरलेला हात जराही हलला नाही. पारडं धाडकन खाली.

"ह्ये दोनी एकच काम करत्यात?"

"एकच. वरच्या कागदावर जोरही तेवढाच लिहिलाय."

"मग ह्यात काय घातलंच नाय त्यानं?"

"तांब्याची तार बारीक, आतले भाग लहान. काही ठिकाणी नुसत्या जागा सोडल्यात."

आईनं जळका डबा उचलला, कानाशी नेऊन हलवला. आत काहीतरी खुळखुळलं. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी रोज कारंज्यावर बघत आले होते, तळाशी दगड दडवलेली पाटी तिला कुणी विकायला आला की येतं ते. निव्वळ किळस. तिनं डबा जमिनीवर टाकला आणि हात झटकला.

"मापात मारलंय मेल्यानं!" ती ओरडली. "मापात मारतो आन कुंकवाचं नाव सांगतो? दिन्या, ऐकलं का रं? मापात मारलंय!"

दिनेश बाहेरून म्हणाला, "ऐकलं." मग खालच्या आवाजात, "मीच बोलायला पाहिजे होतं, आई." आईनं त्याच्याकडं लक्षच दिलं नाही. ती निलेशशेठच्या सात पिढ्यांचा हिशेब घेत होती. इतक्या शिव्या मी तिच्या तोंडून कधी ऐकल्या नव्हत्या, आणि इतकं गोड मला काही लागलंही नव्हतं.

पुढं कधी एम. जी. रोडला जायची वेळ आली तर मी त्या कॉम्प्लेक्सच्या समोरच्या बाजूनं चालते. ते दुकान आता नाही, मोबाईलची कव्हरं विकतात तिथं. पिचकाऱ्या आहेत. मी नोकरी सोडेपर्यंत कारखान्यात दर खंडेनवमीला यंत्रांना कुंकू लागायचं आणि कुणीतरी हाक मारायचं, "सवाष्णींनी पुढं या." दरवर्षी मी स्टोअरला आतून कडी लावून बसायचे. लोकांना वाटायचं मॅडम नास्तिक आहेत. माझं देवाशी काही भांडण नाही. माणसं पुढं आणि मागं उभी करणाऱ्या त्या आवाजानं मला मळमळतं, बस.

भाचीला मी नंतर पुन्हा फोन केला. म्हटलं, मित्राचा डबा नको, मी सांगते तो घे, आणि घेताना हातात उचलून बघ. ती म्हणाली, "आत्या, आता वेबसाइट सगळं जुळवून हिरवी खूण देते." दे म्हटलं हिरवी खूण. तरी उचलून बघ.

तराजूच्या त्या रविवारी मी नवा डबा कॅबिनेटमध्ये घट्ट केला, चोवीसच्या जागी चोवीस पाय गेले, कार्डाला वेगळी वायर दिली. कार्ड वाचलं होतं. आई तिथंच खोलीत, माझ्या खुर्चीमागं उभी. गेम लावला. गाडी सुटली. पहिलं वळण आलं, मी श्वास धरला, आईनंही धरला असावा, कारण मागून काहीच आवाज नव्हता. वळण गेलं. दुसरं गेलं. मग मी एका भिंतीवर गाडी घातली आणि काचा फुटल्याचा आवाज झाला. आई दचकून मागं सरली.

"जळलं?"

"नाही गं. गाडी आपटली. खेळातली."

"म्हंजे चालतंय?"

"चालतंय."

तिनं पदरातून हात मोकळे केले, टेबलाखालचं स्टूल पुढं ओढलं.

"मग बसते," आई म्हणाली.